हवे तेवढेच रकाने : प्रस्तावना

पिंपळगाव राजाच्या शिवारात ज्याचं वावर आहे, त्याला सातबारा वाचायला शिकवावं लागत नाही. पीककर्जासाठी बँकेत जाणारा माणूस आधी आपलं नाव, खाते क्रमांक आणि क्षेत्र पाहतो. जमीन विकत घेणाऱ्याची नजर थेट 'इतर हक्क' या रकान्यावर जाते, कारण सोसायटीचा बोजा, कुळाचा हक्क किंवा कोर्टाचा मनाई हुकूम असला तर तो तिथेच सापडतो. पीकविम्यासाठी गावनमुना बाराकडे वळावं लागतं, तूर किती, सोयाबीन किती हे पाहायला. कागद एकच असला तरी ज्याच्या त्याच्या कामाचे रकाने वेगळे. खामगाव तालुक्यातल्या कुठल्याही चावडीत हे रोज चालतं आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही.

हीच गोष्ट संगणकाकडून करून घ्यायची वेळ आली की गाडी अडते. डेटाबेसमधल्या स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये कर्सर उघडायचा आणि त्यातून आपल्याला हवे तेवढेच कॉलम काढायचे, एवढाच या पुस्तकाचा विषय आहे. ऐकायला तो फार लहान वाटतो. एवढ्याशा कामावर अख्खं पुस्तक कशाला, असं विचारणारे भेटतील. माझं उत्तर असं की डेटाबेसशी नीट वागायला शिकण्याची सगळी कसोटी या एका कामात येऊन बसते. माहितीची रचना, ती मागण्याची भाषा, एकेक ओळ हाताळण्याचं तर्कशास्त्र, वेग, दुसऱ्याच्या खासगीपणाचा मान आणि आपली मराठी अक्षरं हे सगळं इथे एकत्र येतं. हा धडा ज्याला पक्का समजला त्याला पुढचं सोपं जातं. ज्याचा तो कच्चा राहिला, त्याचे प्रोग्रॅम दहा वर्षांनीही कुठेतरी अडखळत राहतात.

विषयाचं मूळ संगणकाच्या कितीतरी आधीचं आहे. महसूल खात्याने गावाची सगळी माहिती एकवीस गावनमुन्यांत मांडली. अँडरसन या सनदी अधिकाऱ्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मॅन्युअलमध्ये या नमुन्यांची शिस्त बांधलेली होती आणि जुने तलाठी अजूनही तिचा दाखला देतात. नमुना सहा म्हणजे फेरफाराची नोंदवही, सात म्हणजे अधिकार अभिलेख, बारा म्हणजे पिकांची नोंद, आठ-अ म्हणजे खातेवार जमीन. सात आणि बारा एकाच कागदावर छापले जातात म्हणून सातबारा. आपल्या वऱ्हाडाचा महसुली इतिहास थोडा वेगळा आहे. इथे १९२८ चा वऱ्हाड जमीन महसूल कायदा होता, आणि पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ आल्यावर सगळ्या राज्याचा कारभार एका चौकटीत आला. अधिकार अभिलेखाचे सविस्तर नियम १९७१ चे.

या नमुन्यांकडे डेटाबेस शिकणाऱ्याने पुन्हा एकदा निरखून पाहावं. गट क्रमांकाने शोधायचं असेल तर सात, माणसाच्या खात्याने शोधायचं असेल तर आठ-अ. माहिती तीच, पण शोधण्याच्या दोन वाटा आधीच आखून ठेवलेल्या. नमुना सातवर मालकाच्या नावाजवळ फेरफाराचा क्रमांक असतो, त्यावरून नमुना सहामध्ये जाऊन हा माणूस मालक कसा झाला हे पाहता येतं. जुना मालक गेला तर त्याचं नाव खोडत नसत, कंसात टाकत. आज आपण ज्याला इंडेक्स, परकी किल्ली आणि इतिहासाची जपणूक म्हणतो, ते सगळं या कागदांत होतं. म्हणून या पुस्तकातल्या उदाहरणांसाठी विमानाची तिकिटं किंवा परदेशी दुकानांची बिलं न घेता गावनमुन्यांच्या धर्तीवरचे तक्ते घेतले आहेत. शेगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा खामगावच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकणाऱ्या मुलामुलीला ते तक्ते घरात पाहिलेले असतात.

आता संगणकाच्या बाजूने येऊ. १९६० च्या दशकात मोठ्या यंत्रांवर माहिती साठवण्याच्या दोन प्रमुख पद्धती होत्या. आयबीएमची आयएमएस ही अपोलो मोहिमेच्या कामातून घडलेली प्रणाली माहिती वरून खाली उतरणाऱ्या उतरंडीत ठेवत असे. चार्ल्स बॅकमन यांच्या आयडीएस प्रणालीतून निघालेल्या जाळ्याच्या पद्धतीत एका नोंदीतून दुसऱ्या नोंदीत जाण्यासाठी दुवे असत. बॅकमन यांना १९७३ चा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. त्या पुरस्काराच्या वेळी दिलेल्या त्यांच्या व्याख्यानात प्रोग्रॅमर हा माहितीच्या प्रदेशात वाट काढणारा खलाशी होता. दोन्ही पद्धतींत माहितीपर्यंत जायचं कसं, हे माणसालाच पायरीपायरीने सांगावं लागे.

जून १९७० मध्ये एडगर कॉड यांनी हे चित्र पालटलं. आयबीएमच्या सॅन होजे इथल्या संशोधनशाळेत काम करणाऱ्या या गणितज्ञाने म्हटलं की माहिती साध्या तक्त्यांत ठेवा, आणि काय हवं ते सांगा. ते कसं शोधायचं हे यंत्राने ठरवावं. त्यांच्या गणितातल्या मूलभूत क्रियांपैकी दोन इथे महत्त्वाच्या. एकीने हव्या त्या ओळी निवडायच्या, दुसरीने हवे ते रकाने. ओळी निवडण्याचं महत्त्व सगळ्यांना चटकन पटतं, त्यासाठीची अट प्रत्येक जण काळजीपूर्वक लिहितो. रकाने निवडण्याची क्रिया मात्र आळसात वाहून जाते. एक चांदणी (*) टाकली की सगळे कॉलम येतात. कॉड यांनी दोन्ही क्रियांना सारखं स्थान दिलं होतं, हे आपण विसरलो.

त्याच आयबीएममध्ये सिस्टम आर हा प्रयोग सुरू झाला आणि १९७४ मध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी सीक्वल ही भाषा मांडली. नावाच्या मालकीचा प्रश्न आल्यामुळे पुढे तिचं एसक्यूएल झालं. याच प्रकल्पात कर्सरचा जन्म झाला आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. एसक्यूएल एका वेळी पूर्ण संच देते, म्हणजे गावातले सगळे बागायती गट एकदम. पण तिला ज्या भाषांच्या पोटात बसवायचं होतं, पीएल-वन किंवा कोबोल, त्या एका वेळी एकच नोंद हातात घेऊ शकत होत्या. संच आणि एकेकटी नोंद यांचा सांधा जुळवायला काहीतरी मधलं साधन हवं होतं. तलाठी रजिस्टरच्या ओळीवर बोट ठेवून एकेक नोंद वाचत खाली सरकतो, तसं हे बोट म्हणजे कर्सर. तो जाहीर करायचा, उघडायचा, एकेक ओळ उचलायची, आणि काम झालं की बंद करायचा. पन्नास वर्षांनंतरही या चार पायऱ्या तशाच आहेत.

स्टोअर्ड प्रोसिजरची कथा थोडी नंतरची. प्रोग्रॅम एका यंत्रावर आणि डेटाबेस दुसऱ्यावर असं वाटप झालं, तेव्हा प्रत्येक प्रश्नासाठी तारेवरून फेरी मारणं महाग पडू लागलं. १९८७ मध्ये सायबेसने आपला एसक्यूएल सर्व्हर बाजारात आणला आणि कामाची पावलं डेटाबेसच्याच आत साठवून ठेवण्याची कल्पना व्यवहारात रुळवली. ऑरॅकलने १९८८ मध्ये सहाव्या आवृत्तीत पीएल/एसक्यूएल ही भाषा आणली, तिची घडण एडा या भाषेवरून घेतलेली. आणि १९९२ च्या सातव्या आवृत्तीत तिच्यात लिहिलेल्या प्रोसिजर डेटाबेसमध्ये साठवता येऊ लागल्या. १९९६ मध्ये एसक्यूएलच्या प्रमाणभाषेचा भाग म्हणून प्रोसिजर लिहिण्यासाठीचा पीएसएम जाहीर झाला, पण तोवर प्रत्येक कंपनी आपापल्या वाटेने बरीच पुढे निघून गेली होती. पोस्टग्रेसची पीएल/पीजीएसक्यूएल १९९८ ची, मायएसक्यूएलमध्ये प्रोसिजर आणि कर्सर आले २००५ च्या पाचव्या आवृत्तीत.

इथून पुढे घराणी पडतात. नवशिक्याला सगळ्यात जास्त गोंधळात टाकणारी जागा हीच आहे, म्हणून इथे थोडं थांबतो. प्रश्न असा घ्या: एका प्रोसिजरने वीस कॉलमांचा कर्सर परत दिला आहे. तुम्हाला त्यातले फक्त तीन हवेत, गट क्रमांक, भोगवटादार आणि क्षेत्र. काय कराल?

ऑरॅकल घराण्यात कर्सर ही हातातून हातात देता येणारी वस्तू आहे. रेफ कर्सर प्रोसिजरकडून घ्या आणि तुम्ही ओळी उचला. पण उचलताना कॉलम जितके, तितकेच व्हेरिएबल द्यावे लागतात. वीस कॉलम आणि तीन व्हेरिएबल चालत नाहीत. जुळलं नाही तर काम जागीच थांबतं. मग लोक वीस व्हेरिएबल जाहीर करतात आणि सतरा वापरतच नाहीत, किंवा संपूर्ण ओळीचा एक रेकॉर्ड करून त्यातले तीन भाग वाचतात. ऑरॅकलच्या अकराव्या आवृत्तीपासून रेफ कर्सरचं डीबीएमएस-एसक्यूएल या पॅकेजच्या क्रमांकात रूपांतर करून त्यातल्या कॉलमांची नावं चालू प्रोग्रॅममध्ये तपासता येतात आणि हवे तेच वाचता येतात. उपाय नेमका आहे, पण लांबलचक. दुसरी वाट म्हणजे प्रोसिजरऐवजी तक्ता परत देणारं फंक्शन लिहिणं. मग त्याच्यावर साधी सिलेक्ट लावून तीन कॉलम मागता येतात.

सायबेस आणि मायक्रोसॉफ्टच्या घराण्यात विचारच वेगळा. तिथे प्रोसिजर आतून सरळ एक निकाल बाहेर टाकते, कर्सर हातात द्यायची गरज पडत नाही. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये सर्व्हरवरचे कर्सर आले तेच १९९५ च्या ६.० आवृत्तीत. म्हणून त्या घराण्यातले जाणते लोक कर्सरकडे शेवटचा उपाय म्हणून पाहतात. पण बाहेर टाकलेल्या निकालातले तीनच कॉलम उचलायचे तर तिथेही अडचण आहे. आधी वीस कॉलमांचा तात्पुरता तक्ता बनवा, त्यात प्रोसिजरचा निकाल ओता आणि मग त्या तक्त्यातून तीन मागा. २०१२ मध्ये आलेल्या 'विथ रिझल्ट सेट्स'ने कॉलमांची नावं आणि प्रकार बदलता येतात, पण एकही कॉलम गाळता येत नाही, हे पुष्कळांना करून पाहिल्यावरच कळतं.

पोस्टग्रेसच्या घराण्यात फंक्शन हेच तक्त्यासारखं वागतं. फंक्शनमधून निवड करताना कॉलमांची नावं लिहा, काम संपलं. मला स्वतःला ही पद्धत सर्वांत स्वच्छ वाटते आणि पुस्तकातही ते लपवलेलं नाही. पण याच घराण्यात एक धोका आहे. ओळ उचलताना व्हेरिएबल कमी पडले तर पोस्टग्रेस थांबत नाही. जास्तीचे कॉलम तो गुपचूप टाकून देतो, आणि कॉलम कमी असले तर उरलेल्या व्हेरिएबलमध्ये नल (कोरी किंमत) भरतो. ऑरॅकल, मायक्रोसॉफ्ट आणि मायएसक्यूएल चूक दाखवून थांबतात, हे पुढे जाऊ देतं. उद्या कुणी मूळ निवडीच्या मध्ये एखादा कॉलम घातला, तर सगळ्या किमती एक घर सरकतील आणि प्रकार जुळत असतील तर कुणाला पत्ता लागणार नाही. बाराव्या आवृत्तीपासून याची कडक तपासणी चालू करण्याची सोय आहे. ती चालू ठेवावी असा माझा आग्रह आहे.

मायएसक्यूएलचा कर्सर साधा आहे: फक्त पुढे सरकतो आणि फक्त वाचतो. तो प्रोसिजरबाहेर देता येत नाही. पण या साधेपणातही एक खड्डा आहे, ज्यात नव्याने शिकणारी बहुतेक मुलं एकदा तरी पडतात. तक्त्यात 'गट_क्रमांक' नावाचा कॉलम आहे आणि तुम्ही व्हेरिएबललाही तेच नाव दिलंत, तर कर्सरच्या निवडीत मायएसक्यूएल ते नाव व्हेरिएबलचं समजतो. व्हेरिएबल अजून रिकामा असतो, म्हणून प्रत्येक ओळीला नल येतो. प्रोग्रॅम विनातक्रार चालतो, ओळींची संख्याही बरोबर येते, फक्त रकाना कोरा. ऑरॅकलमध्ये याच परिस्थितीत कॉलम जिंकतो. पोस्टग्रेस ९.० पासून नाव संदिग्ध आहे म्हणून काम थांबवतो. तीन घराणी, तीन उत्तरं. व्हेरिएबलच्या नावाआधी एक ठरावीक अक्षर लावायची सवय ही म्हणूनच केवळ टापटीप राहत नाही.

आयबीएमच्या डीबी-टूचा उल्लेख थोडक्यात करतो, कारण आपल्याकडे तो बँकांबाहेर फारसा दिसत नाही. तिथे कर्सर जाहीर करतानाच तो परत द्यायचा आहे असं सांगतात आणि घेणारा त्याचा ठावठिकाणा मिळवून तो आपल्या कर्सरच्या नावाला जोडतो. प्रमाणभाषेला ही पद्धत सर्वांत जवळची.

ही सगळी घराणी पाहिल्यावर या पुस्तकाचं मुख्य म्हणणं पुढे येतं. कर्सरचा आकार त्याच्या निवडीच्या वाक्यात ठरतो. कर्सर उघडल्यावर, ओळ हातात आल्यावर रकाने निवडायला बसणं म्हणजे उशीर झालेला असतो. मागणी करतानाच नेमके रकाने मागा. वरचे सगळे उपाय, तात्पुरता तक्ता, कॉलम तपासणारं पॅकेज, हे दुसऱ्याने आधी जास्त मागून ठेवलं म्हणून आपल्याला करावे लागणारे उपाय आहेत. ती प्रोसिजर आपल्या ताब्यात असेल तर ती बदला. नसेल तर ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याशी बोला. उपाय वापरायची वेळ त्यानंतर.

जावा किंवा डॉटनेटमध्ये काम करणारे म्हणतात, आम्ही निकालातून नावाने कॉलम वाचतो, आम्हाला काय फरक पडतो. फरक पडतो. नावाने वाचेपर्यंत सतरा नको असलेले कॉलम डिस्कवरून उचलले गेले, मेमरीत बसले आणि तारेवरून आलेही. डेटाबेस माहिती पानापानांनी वाचतो, एसक्यूएल सर्व्हर आणि पोस्टग्रेसमध्ये ८ किलोबाइटचं पान, मायएसक्यूएलच्या इनोडीबीमध्ये १६ चं. एका ओळीतला एकच कॉलम हवा असला तरी पान पूर्ण वाचावं लागतं हे खरं. म्हणून काही जण म्हणतात की कॉलम कमी मागून काही वाचत नाही. पण मागितलेले सगळे कॉलम इंडेक्समध्येच असतील तर मूळ तक्त्याला हातही लागत नाही. आणि पोस्टग्रेस लांबलचक मजकूर किंवा चित्र वेगळ्या जागी ठेवतो. तो कॉलम मागितला नाही तर ती जागा उघडलीच जात नाही. पीकपाहणीच्या नोंदीला जोडलेलं शेताचं छायाचित्र अशा कॉलमात असेल, तर चांदणी टाकणारा माणूस प्रत्येक ओळीमागे ते छायाचित्रही ओढून आणतो. खेड्यात मोबाइलच्या एका दांडीवर काम करणाऱ्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

मग कर्सर वापरावाच का? हा वाद जुना आहे आणि त्यात बहुतेक वेळा संचाची बाजू घेणाऱ्यांचंच बरोबर असतं. चालती बेरीज, क्रमवारी, मागच्या ओळीशी तुलना, यांसाठी एके काळी कर्सरशिवाय इलाज नव्हता. २००३ च्या प्रमाणभाषेत विंडो फंक्शन आली आणि ही कामं एका वाक्यात होऊ लागली. पोस्टग्रेसमध्ये ती २००९ पासून, मायएसक्यूएलमध्ये २०१८ च्या आठव्या आवृत्तीपासून. पण काही कामांचा क्रमच खरा असतो. एकाच गटावर आधी खरेदीखताचा फेरफार, मग वारसाचा, मग बोजाचा. संहितेच्या कलम १५० प्रमाणे नोंद होते, नोटीस निघते, पंधरा दिवस हरकतीची वाट पाहिली जाते, मंडळ अधिकारी प्रमाणित करतो आणि मगच सातवर बदल होतो. आधीच्या फेरफाराचा परिणाम झाल्याशिवाय पुढचा लावता येत नाही, आणि एक नामंजूर झाला तर पुढच्याचा विचार बदलतो. अशा ठिकाणी एकेक ओळ घेऊन जाणं योग्य आहे. कर्सर नेहमी वाईट, हे वाक्य शिकवणं सोपं पडतं म्हणून शिकवलं जातं. या पुस्तकाने तसं केलेलं नाही.

मराठीत काम करणाऱ्याला आणखी एक अडचण येते, जी इंग्रजी पुस्तकांत सहसा सापडत नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हं आहेत. 'पांडुरंग' या नावात अशी आठ चिन्हं, म्हणजे चोवीस बाइट. 'ज्ञानेश्वर'मध्ये दहा, म्हणजे तीस. ऑरॅकलमध्ये कॉलमची लांबी मुळात बाइटमध्ये मोजली जाते. पन्नासची मर्यादा ठेवलीत तर पूर्ण सोळा चिन्हं मावतात, आणि मधल्या नावासकट आडनाव लिहायला ती पुरत नाहीत. कर्सरमधून असं नाव लहान व्हेरिएबलमध्ये उचललं की प्रोग्रॅम किंमत बसत नाही म्हणून कोसळतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये साधा व्हारचार वापरला तर कोसळतही नाही, नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उमटतात. याआधीच्या काळात वेगवेगळ्या फॉन्टच्या जुगाडावर टंकलेली मराठी युनिकोडमध्ये आणताना काय त्रास झाला, ते त्या कामात असलेल्या प्रत्येकाला आठवत असेल. व्हेरिएबलचा प्रकार हाताने न लिहिता कॉलमच्या प्रकाराला बांधून ठेवण्याची सोय ऑरॅकल आणि पोस्टग्रेस देतात. मराठी माहितीसाठी तरी तिच्याशिवाय काम करू नये.

क्षेत्राचंही तसंच. सातबाऱ्यावर १.४०.०० असं लिहिलेलं असतं, हेक्टर, आर आणि चौरस मीटर. हा आकडा दशांश अपूर्णांक म्हणून वाचता येत नाही आणि मजकूर म्हणून ठेवला तर त्याची बेरीज होत नाही. पोटखराबा कोरा असणं आणि शून्य असणं यांतही फरक आहे: कोरा म्हणजे नोंदच नाही, शून्य म्हणजे पोटखराबा नाही अशी नोंद. कर्सरमधून नल आला की त्या फरकाचा निर्णय तुमच्या प्रोग्रॅमला करावा लागतो, आणि तो न करता नल बेरजेत मिसळला की एकूण क्षेत्रही नल होतं.

आता हे सगळं आजच का. महाराष्ट्रात जमिनीच्या नोंदी संगणकावर आणण्याचं काम दीर्घकाळ चाललं. हस्तलिखित सातबारा आणि संगणकातला सातबारा जुळवण्यासाठी चावडीवाचन झालं, दुरुस्त्या झाल्या, ई-फेरफार आला. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. २०२० मध्ये त्याचा नमुना बदलला आणि गावाच्या नावासोबत एलजीडी हा गावाचा सरकारी सांकेतिक क्रमांक आला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीकपाहणीत शेतकरी स्वतः आपल्या पिकाची नोंद करू लागला. नमुन्यात असा एखादा रकाना वाढतो तेव्हा ज्याने नावं लिहून कॉलम मागितले त्याचा प्रोग्रॅम शांतपणे चालत राहतो, आणि ज्याने चांदणी टाकली त्याच्या कर्सरमधले व्हेरिएबल आणि कॉलम यांची संख्या जुळेनाशी होते.

दुसरं कारण याहून मोठं आहे. शेतकऱ्याची माहिती आता एका चावडीत थांबत नाही. कर्जमाफीच्या वेळी बँकांकडून ठरावीक रकान्यांच्या तक्त्यांत माहिती मागवली गेली, त्यावरून पात्रतेच्या याद्या बनल्या. पीकविमा, अनुदान, ॲग्रीस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक, प्रत्येक ठिकाणी आधार, बँक खातं, मोबाइल आणि जमीन एकमेकांना जोडली जातात. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने ठरवलं. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आणि ज्या कामासाठी माहिती घेतली त्या कामापुरतीच ती वापरायची, हे तत्त्व कायद्यात आलं. एखाद्या कार्यालयाला फक्त क्षेत्र आणि पीक हवं असताना प्रोसिजर आधार क्रमांकही परत देत असेल, तर ती केवळ संथ प्रोसिजर राहत नाही. तक्त्यावर थेट हक्क न देता फक्त प्रोसिजर चालवण्याची परवानगी देण्याची पद्धत सगळ्या मोठ्या डेटाबेसमध्ये आहे. कुणाला कोणता रकाना दिसावा हे त्या प्रोसिजरमधल्या एका ओळीत ठरतं, आणि ती ओळ लिहिणारा तरुण बहुतेक वेळा एकटा, घाईत, दुसऱ्या कुणी न तपासलेलं काम करत असतो. त्याच्या हातात किती लोकांचा विश्वास आहे हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं. हे पुस्तक लिहिण्यामागची खरी तळमळ ही आहे.

पुस्तकाने काय केलं आणि काय नाही, हेही सांगतो. एकच काल्पनिक गाव, त्याचे गावनमुन्यांच्या धर्तीवरचे तक्ते, आणि तेच काम चार डेटाबेसमध्ये करून दाखवणं, अशी त्याची रीत आहे. तक्त्यांतली नावं, गट, आकडे सगळे बनवलेले आहेत. कुठल्याही खऱ्या खातेदाराची माहिती सरावासाठी घेतलेली नाही आणि वाचकांनीही घेऊ नये. मराठीत समजावलं असलं तरी जिथे कामावर सगळे 'कर्सर', 'फेच', 'प्रोसिजर' म्हणतात तिथे तेच शब्द ठेवले आहेत. ओढूनताणून घडवलेली संज्ञा मुलाखतीच्या टेबलावर कामाला येत नाही. कागदपत्रांसारख्या नोंदी ठेवणाऱ्या नव्या डेटाबेसचा, किंवा प्रोग्रॅममधून डेटाबेस झाकून टाकणाऱ्या साधनांचा ऊहापोह इथे नाही. ती साधनं उपयोगी आहेत, पण त्यांतली बरीचशी मुळात सगळेच कॉलम मागतात, आणि त्यांना आवर घालायचा तर आत काय चाललंय हे आधी समजावं लागतं.

चुकांवर पुस्तकाने बरीच पानं खर्च केली आहेत. बंद न केलेले कर्सर साचत जाऊन ऑरॅकल पुढचे उघडू देत नाही. शेवटची ओळ संपली हे तपासण्याची जागा चुकली की शेवटचा खातेदार दोनदा येतो. हे प्रकार तपशिलात दाखवले आहेत, कारण कामावरचा वेळ यांतच जातो आणि ते समजावणारं मराठीत फारसं नाही. अनुभवी वाचकाला सुरुवातीचा भाग ओलांडून थेट तिथे जाता येईल.

ज्या विद्यार्थ्याकडे स्वतःचा संगणक नाही त्याने महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल बसवून मागावं. दोन्ही फुकट आहेत. आणि वाचकाला एवढीच विनंती की कुठलीही प्रोसिजर लिहायला बसण्याआधी एका कागदावर लिहा: हे कुणाला हवं आहे, कशासाठी हवं आहे, आणि त्यासाठी नेमके कोणते रकाने लागतात. मग निवडीच्या वाक्यात तेवढीच नावं घाला.

पिंपळगाव राजा, ता. खामगाव, जि. बुलढाणा